परतीचे नाना

चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत जा, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत एक नाना असतातच. कुणी त्यांना अण्णा म्हणत असेल, कुणी आबा. पण खातं बहुधा मेंटेनन्स नाहीतर क्वालिटी आणि वय पन्नाशीच्या अल्याड-पल्याड. कंपनीनं जर्मनीतून मशीन घेतलं की ते बोटीवर चढण्याआधी सप्लायरकडे जाऊन, चालवून, जॉब मोजून, सही करून यायचं काम यांच्याकडे. या जातीच्या माणसाबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे, तो म्हणजे नाना परदेशी जातात. तसं नाही. नाना परदेशाहून परत येतात. परत यायचं तर आधी जावं लागतं, एवढ्यापुरतेच ते जातात.

त्यांची जातानाची बॅग पाहिली की हे कळतं. पोहे, भाजणी, मेतकूट, तूरडाळ, लसणाची चटणी, गरम पाण्यात टाकायची उपम्याची पाकिटं, शेंगदाण्याचे लाडू. तूप नाही, कारण दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेऊ देत नाहीत. तिथलं बिनमिठाचं बटर आणून कढवायचं, हे नानांना पाठ. कपडे दोन जोड. एका मोठ्या बॅगेच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात घडीची तिसरी. तत्त्व सरळ आहे: न्यायचं ते संपणारं, आणायचं ते टिकणारं. पोह्याचा प्रत्येक घास म्हणजे परतीच्या बॅगेत तेवढी जागा. डाळ वेळेत संपत नाही असं दिसलं, की आमच्या कंपनीचे नाना बरोबर आलेल्या मला रात्री आग्रहानं जेवायला बसवत. त्यात माया होतीच, पण हिशेबही होता.

या वेळचं गाव होतं श्टुटगार्ट. मुंबईशी त्याचं 1968 पासून भगिनी-शहराचं नातं आहे, ही माहिती मी विमानात नानांना मोठ्या उत्साहानं सांगितली. "मग सामानात काही सवलत?" एवढंच त्यांनी विचारलं. बॉशनं 1886 मध्ये पहिलं वर्कशॉप इथंच काढलं, मर्सिडीज इथली, पोर्शे इथली. ज्याचं आयुष्य कूलंट ऑइलच्या वासात गेलं त्याला हे पंढरपूरच. नानांनाही ते मान्य होतं. फक्त दर्शन शेवटच्या दिवशी घ्यायचं होतं.

"नाना, आज काम लवकर संपलंय, मर्सिडीजचं म्युझियम बघू या?"

"शेवटच्या दिवशी. सगळं एकदम. मध्येच मूड घालवू नकोस."

मूड मशीनचा होता, हे मान्य करायला हवं. कामावरचे नाना वेगळेच. स्पिंडलला हात लावून बेअरिंगचं दुखणं सांगणारे. दोन जर्मन इंजिनिअर लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले असता "पहिला जॉब आणि चाळिसावा जॉब शेजारी ठेवा, मग बोलू," म्हणणारे. मशीन तापल्यावर माप सरकतं हे त्यांनी इंग्रजीची पर्वा न करता पटवून दिलं आणि सप्लायरकडून दुरुस्त करून घेतलं. शुक्रवारी दुपारी प्रोटोकॉलवर सही झाली. पेनाचं टोपण लावलं त्या क्षणी त्यांच्यातला इंजिनिअर उठून गेला आणि दुसरे नाना येऊन बसले.

तिकीट रविवारचं होतं, म्हणजे शेवटचा दिवस शनिवार. हा शनिवार साधा नव्हे. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. स्टेशनातली, विमानतळावरची काही सोडली तर जवळजवळ सगळी. 1919 च्या वायमार राज्यघटनेनं रविवारची विश्रांती कलमातच लिहून टाकली आणि 1949 च्या घटनेनं ते कलम जसंच्या तसं पुढे चालवलं. आपल्याकडच्या ट्रॅव्हल डेस्कला हे ठाऊक नसतं. एखादा नवखा पोरगा "रविवारी निवांत शॉपिंग करू" म्हणून झोपून राहतो आणि घरी रिकाम्या हातानं जातो. नानांनी आमच्या भाड्याच्या घरातल्या फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं होतं. पहिली ओळ: '6.00 – पोहे (शिल्लक सर्व)'.

सर्व म्हणजे सर्व. दोघांत पाऊण किलोच्या आसपास पोहे त्या सकाळी खाल्ले गेले. मग मोहीम निघाली.

पहिलं ठाणं बाटल्यांचं. जर्मनीत 2003 पासून कॅन आणि फेकायच्या बाटल्यांवर अनामत घेतात. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनला परत दिली की पैसे परत. युरोला शंभरानं गुणायचं हा नानांचा पाढा, म्हणजे रिकामी बाटली पंचवीस रुपयांची. ते स्वतः नळाचं पाणी पीत. पण कारखान्यातले लोक जेवणानंतर टेबलावर बाटल्या सोडून जात, त्या नाना पिशवीत घालत. बाटली चेपली की मशीनला बारकोड वाचता येत नाही आणि ते ती परत ढकलतं, हे कळल्यावर त्यांनी अख्ख्या शिफ्टला खुणांनी समजावलं होतं: दाबू नका.

आता ते मशीनसमोर उभे होते. भोकात बाटली आडवी घालायची, ती आत गोल फिरते, लाल रेघ बारकोड शोधते, की आत 'चर्रर्र' आणि पडद्यावर 0.25. नाना प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत होते. मागे पार्टीच्या बाटल्यांची गोणी घेऊन एक कॉलेजकुमार ताटकळत उभा. शेवटून तिसरी बाटली मशीननं नाकारली. नानांनी ती बाहेर काढली, तोंड लावून फुंकून फुगवली, लेबल शर्टाला पुसलं आणि पुन्हा घातली. 'चर्रर्र.' त्या कॉलेजकुमारानं चक्क टाळी वाजवली. एकतीस बाटल्या, 7.75 युरोची पावती.

"पावणेआठशे रुपये," नाना म्हणाले, "हवेतून."

दुसरं ठाणं औषधं-साबणवाल्या दुकानाचं. इथं यादी निघाली. यादी नानांची नव्हतीच. ती सोसायटीची, सासुरवाडीची आणि डिपार्टमेंटची होती. मेव्हणीच्या मुलीला पाण्यात फसफसणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. शेजारच्या काकूंना निव्हिया. निळी डबी पुण्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते हे मी सुचवलं, त्यावर नाना म्हणाले, "तिथली वेगळी आणि इथली वेगळी. वेगळी नसली तरी आणली कुठून ते महत्त्वाचं." आणि आईच्या गुडघ्यांसाठी मलम. हे मलम जर्मनीत घरोघर असतं, कापराचा-पुदिन्याचा थंडगार वास येतो आणि डब्यावर घोड्याचं चित्र असतं, कारण ते मुळात घोड्यांच्या पायांना चोळायचं. नानांनी डबा हातात धरून घरी व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे दुपार झाली होती.

"अहो, केवढा आहे तो?"

"अर्धा लिटर."

"दोन घ्या. अहो, पण वरचं लेबल काढून आणा. आईंनी घोडा बघितला तर हात लावायच्या नाहीत."

"काढलं तर जर्मनीचं आहे हे कळायचं कसं?"

यावर वहिनींकडे उत्तर नव्हतं. घोड्यासकट दोन डबे टोपलीत पडले.

तिसरं ठाणं आल्डी. ट्रॉली साखळीनं बांधलेली असते, नाणं घातल्याशिवाय सुटत नाही. नानांकडे त्यासाठी कुठल्याशा प्रदर्शनात फुकट मिळालेली प्लॅस्टिकची चकती होती. चॉकलेटांपाशी मात्र ते उदार झाले. कारखान्यात शिफ्टा तीन, प्रत्येक शिफ्टला एक मोठी पिशवी, ऑफिसला वेगळी, साहेबांना डब्यातली, घरची निराळीच. खरी कसोटी काउंटरवर होती. आल्डीच्या कॅशिअरबाई मळणीयंत्रातून दाणे उडावेत तसं सामान पुढे उडवतात. जर्मन गिऱ्हाईक ते तसंच ट्रॉलीत लोटतं आणि बाजूला जाऊन पिशव्या भरतं. नाना मात्र दर वस्तूचा आकडा पडद्यावर वाचून शंभरानं गुणत होते. इकडे चॉकलेटांचा ढीग पट्ट्याच्या टोकाला तुंबला, तिकडे रांग वाढली. बाईंनी हात थांबवले. आल्डीत कॅशिअरचे हात थांबणं ही घटना असते. नानांनी बाटल्यांची पावती पुढे केली, ती वजा झाल्याची खात्री केली आणि म्हणाले, "डांके." तेवढंच जर्मन त्यांना येत होतं, पण अगदी वेळेवर येत होतं.

वेळापत्रकात '3.30 – म्युझियम' होतं. आम्ही साडेतीनला म्युझियमपाशी होतो, हे मी शपथेवर सांगेन. सगळ्या पिशव्यांसकट होतो. चंदेरी इमारत, आत 1886 च्या बेंझच्या मोटारीपासूनचा इतिहास; ज्या धंद्यावर चाकणपासून सातपूरपर्यंत चुली पेटतात त्याची गंगोत्री. नानांनी तिकिटाचा दर वाचला. ओठ हलले. मग त्यांनी इमारतीसमोर एक फोटो काढून घेतला, चांदणी दिसेल असा दुसरा, आणि आतल्या दुकानात, जिथं तिकीट लागत नाही, शिरून साहेबांसाठी पेन घेतलं.

"एवढी पिशवी घेऊन आत काय डोंबल बघणार? पुढच्या वेळी. शेवटच्या दिवशी मस्त वेळ काढून येऊ."

घरी आलो तो सहाला घरमालकीण आजी येणार होत्या, घर तपासून घ्यायला. हा श्वाबेन प्रांत. इथल्या माणसांच्या काटकसरीवर आणि साफसफाईच्या वेडावर उरलेला जर्मनी विनोद करतो. इमारतीतला जिना झाडायची पाळी ज्या आठवड्यात ज्या घराची, त्या घराच्या दारावर पाटी लटकते. आमच्या दारावर ती दोनदा लटकली होती आणि दोन्ही वेळा नानांनी पायऱ्या पाण्यानं धुतल्या होत्या. तरी आजी म्हणजे शेवटची तपासणी. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे निराळ्या टाकायच्या, पांढरी, तपकिरी, हिरवी. तेही रविवारी नाही, आवाज होतो. लोणच्याची बरणी पांढऱ्यात, पण लोणचं? उरलेली चार बोटं नानांनी पोळीशिवाय चाटून संपवली. कुकर तळघरातल्या कपाटात गेला. तो आमच्या कंपनीचा, येणारा माणूस वापरतो आणि जाताना रबर बदलून ठेवतो.

आजी आल्या. खिडक्या उघडून बघितल्या, खिडकीच्या खाचेत बोट फिरवलं, चिमणीच्या जाळीखाली वाकल्या. मग सिंकपाशी थबकल्या. सिंक आरशासारखं चमकत होतं. नानांनी सकाळीच पितांबरी लावली होती. आजींनी नळाची मान निरखली. तिथला कित्येक वर्षांचा चुन्याचा थर नाहीसा झाला होता. त्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी अर्धं पाकीट पुढे केलं. आजींनी चिमटीत पूड घेऊन हुंगली, नळावर घासली, आणि ते पाकीट एप्रनच्या खिशात टाकलं. बदल्यात त्यांनी अनामतीतून विजेचे म्हणून धरलेले वीस युरो परत दिले. दोन काटकसरी संस्कृतींमध्ये एवढा निर्मळ करार मी दुसरा पाहिलेला नाही.

रात्री वजन. बॅग 23 किलो, हातातली 8. नानांकडे लटकवायचा काटा होता. बॅगेचा पट्टा त्याला अडकवायचा, दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलायचं, श्वास रोखायचा, आकडा स्थिर झाला की 'टुक' वाजतं. पहिल्यांदा 27.3. नाना खाली बसले आणि सगळं बाहेर निघालं. डब्यातून खोके वजा, खोक्यांतून कागद वजा. सुऱ्यांचा संच सर्वांत वर, कारण त्यावरचा व्हॅट परत मिळायचा होता. युरोपाबाहेरच्या माणसानं एका दुकानातून पन्नास युरोंच्या वर घेतलं की जाताना विमानतळावर कस्टमचा शिक्का घ्यायचा. व्हॅट एकोणीस टक्के, एजन्सीचं कमिशन जाऊन हाती त्याहून कमी येतो. पण नानांना रकमेचं नव्हतं. जर्मन सरकार आपल्याला पैसे देणार, हे होतं.

"तुझी बॅग किती भरली?" त्यांनी सहज विचारलं.

"चौदा किलो."

नानांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मशीनच्या प्रोटोकॉलवर सही करतानाही नव्हतं. माझ्या बॅगेतली नऊ किलोंची पोकळी ही या प्रवासातली एकमेव नैसर्गिक संपत्ती होती. "तू झोप, मी शास्त्रशुद्ध लावतो," ते म्हणाले. मी झोपलो.

सकाळी उठलो तर नाना जूनच्या उकाड्यात कंपनीचं हिवाळी जॅकेट घालून उभे. रिटर स्पोर्ट ही चौकोनी चॉकलेटं श्टुटगार्टजवळच्या वाल्डेनबुखची. जॅकेटच्या खिशात न मोडता बसेल अशी वडी हवी म्हणून क्लारा रिटर यांनी 1932 मध्ये ती चौकोनी केली. खिशात एक ठेवायची कल्पना होती. नानांनी चौदा ठेवली होती. अंगावरच्या कपड्यांचं वजन विमानवाले करत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. आणि चालताना ते खरोखर चिलखत घातल्यासारखे वाजत होते.

विमान दुपारी एकचं, फ्रँकफर्टहून. गाडी सव्वा तासाची. पण 2024 मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम 62.5 टक्के वेळेवर पोचल्या होत्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर उशीर न धरता, हा आकडा नानांनी वाचलेला. म्हणून सहाची गाडी. ती सेकंदावर आली आणि सेकंदावर पोचली. काउंटर उघडायच्या कितीतरी आधीपासून आम्ही रांगेतले पहिले होतो.

अखेर नानांची बॅग पट्ट्यावर चढली. 21.6.

नाना पांढरे पडले. त्यांचा काटा 23 दाखवत होता. आयुष्यभर गेजचं कॅलिब्रेशन बघणाऱ्या माणसाला त्याच्याच काट्यानं दगा दिला होता. "एक किलो चारशे ग्रॅम," ते पुटपुटले, "वाया." मग त्यांचा हात खिशात गेला. बाई बघत होत्या, रांग बघत होती, आणि नाना जॅकेटच्या वरच्या, खालच्या, आतल्या खिशांतून एकेक चौकोनी वडी काढून बॅगेच्या फटीत सरकवत होते. काही मऊ पडल्या होत्या, पण वजन तेच. चौदावी गेली. 23.0. बाईंनी न बोलता अंगठा वर केला.

मग माझी बॅग चढली. 24.1.

मी नानांकडे पाहिलं. नाना विमानांच्या वेळांचा फलक मन लावून वाचत होते.

"नाना, हे तुमचं सामान आहे."

"अरे, आता तुझं-माझं काय करतोस," ते वळून म्हणाले, "पण तुम्हा पोरांचं हेच चुकतं. काठोकाठ भरायचं नसतं कधी." त्यांनी जॅकेट काढून प्रेमानं माझ्या खांद्यावर घातलं, माझी बॅग उघडली आणि अकरा वड्या मोजून माझ्या खिशांत भरल्या. टॅग लावलेली बॅग घेऊन कस्टमच्या खिडकीत गेलो, तर साहेबानं सुऱ्यांकडे न बघताच शिक्का मारला, याचं नानांना वाईट वाटलं. वर लावायला त्यांना अर्धा तास लागला होता. "बघून तरी घ्या," म्हणत ते सुऱ्यांचा संच उघडू लागले, तेव्हा मी त्यांना ओढून बाजूला नेलं.

मंगळवारी कंपनीत तिन्ही शिफ्टांना चॉकलेटं वाटली गेली. चहाच्या वेळी पोरांनी नानांभोवती कोंडाळं केलं.

"नाना, मर्सिडीजचं म्युझियम बघितलं?"

"म्हणजे काय! वेळ काढून बघायची गोष्ट आहे ती," नाना म्हणाले, आणि चांदणीवाला फोटो हातोहात फिरला.

दुपारी ट्रॅव्हल डेस्कवरून फोन आला. दुसऱ्या मशीनची तपासणी ऑक्टोबरात, तारखा हव्या होत्या. नानांनी कॅलेंडर पुढे ओढलं.

"परतीचं मंगळवारचं काढा. म्हणजे शेवटचा दिवस सोमवार. दुकानं सगळी उघडी असतात आणि म्युझियम बंद."

"आणि जायचं कधीचं काढू?"

"जायचं काय हो," नाना म्हणाले, "काढा कधीचंही."